उरलेल्याचं काय करायचं, हा दुसरा प्रश्न

मागच्या लेखात आमच्या सोलापुरातल्या स्वयंपाकवर्गाबद्दल लिहिलं होतं. पूर्व भागातल्या एका समाजमंदिरात आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्ही जमतो, कमी पैशांत पोटभर होईल असं ताट एकत्र रांधतो, शक्यतो काही टाकत नाही आणि तिथंच पंगत मांडून जेवतो. शिकवणारी मी. त्याआधी २२ वर्षं खानावळ चालवली, एवढीच माझी पदवी. लेखावर बरीच पत्रं आली. ज्यांत दुसऱ्या कुणाचाही प्रश्न सापडेल अशी काही इथं घेते.

प्रश्न : आमच्या सोसायटीचा हॉल आहे, चार शेगड्यांची सोय होईल. वर्गासाठी ४० नावं आली आहेत. पहिल्या दिवशी ‘उरलेल्या पोळ्यांचे दहा पदार्थ’ ठेवायचा विचार आहे. भारतात माणशी वर्षाला ५५ किलो अन्न घरात वाया जातं, असं वाचलं. तो आकडा भिंतीवर लावू का? (डोंबिवली)

चाळीस नावं आली म्हणून चाळीस जणांना बोलावू नका. चार शेगड्या म्हणजे सोळा माणसं. एका शेगडीशी चौघं: एकजण चिरेल, एकजण पीठ मळेल, एकजण फोडणी घालेल, एकजण भांडी आणि ओटा सांभाळेल. पुढच्या वेळी कामं बदलायची. सतराव्या माणसापासून पुढचे सगळे बघे. नुसतं बघून स्वयंपाक येत असता, तर मोबाइलवर रेसिपी बघणारा अर्धा महाराष्ट्र एव्हाना सुगरण झाला असता. उरलेल्यांच्या वेगळ्या तुकड्या करा.

आता पोळ्या. फोडणीची पोळी तुमच्या सोसायटीत कुणाला येत नाही? कुस्करा, लाडू, चिवडा, सगळं सगळ्यांना येतं. तरीही पोळ्या उरतात आणि तिसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. कारण मुलगा बाहेर खाऊन येतो, सुनेने रात्रीची पोळी बंद केली आहे, आणि कणीक मात्र दहा वर्षांपूर्वी ठरलेल्या मापानेच भिजते.

माझी गोष्ट सांगते. खानावळीत पहिली काही वर्षं मी पोरांच्या नावाने बोटं मोडायचे, की अन्नाची किंमत नाही यांना. मग एकदा खरकट्याच्या तीन बादल्या केल्या: एकीत भात, दुसरीत भाजी-आमटी, तिसरीत पोळी-भाकरी. रात्री तिन्ही काट्यावर ठेवल्या. एकट्या भाताची बादली बाकी दोन्हींहून जड. भात बिघडलेला नव्हता. आमचा वाढपी हौशी होता, मोठ्या डावाने दोन-दोन डाव ढीग रचायचा. मी डाव बदलला. लहान डाव, आणि हवा तितक्या वेळा मागा. आठवडाभरात रोजचा दीड किलो तांदूळ वाचायला लागला आणि कुणी अर्धपोटी उठलं नाही. पोरं तीच, तांदूळ तोच.

म्हणून पहिल्या दिवशी शेगडी पेटवूच नका. प्रत्येकाला एक वही द्या. आठवडाभर घरातून काय टाकलं, किती टाकलं आणि का टाकलं, तीन रकाने. ‘का’चा रकाना महत्त्वाचा. आमच्या पहिल्या तुकडीच्या वह्यांत सगळ्यात जास्त वेळा काय आलं असेल? कोथिंबीर. भाजीवाल्याने फुकट दिलेली, म्हणून कुणी ‘नको’ म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काटा आणा आणि घरची वाटी आणायला सांगा. ‘एक वाटी तांदूळ’ म्हणजे प्रत्येकीच्या घरी वेगळं वजन निघतं, त्यावरून जे हसू होतं त्यात निम्मा वर्ग होऊन जातो. माझं माप लिहून घ्या, साध्या भुकेच्या मोठ्या माणसाचं: भाकरी-भात दोन्ही असेल तर तांदूळ ५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजी चिरण्याआधी १२५ ग्रॅम म्हणजे आदपाव, ज्वारीचं पीठ दोन भाकऱ्यांना १५० ग्रॅम. सोळा माणसांना तांदूळ ८०० ग्रॅम, तूरडाळ अर्धा किलो, भाजी दोन किलो, पीठ अडीच किलो (त्यात हाताला लावायचं आलं), चटणीला पाव किलो शेंगदाणे. तुमच्या बाजारातले दर घालून बेरीज करा आणि सोळाने भागा. हा भागाकार लोकांनीच करायचा, आपण सांगायचा नाही. आमच्याकडे एका बाईंनी तो केला आणि म्हणाल्या, “एवढ्यात जेवण होतंय, तर आम्ही रोज पाव-भजी कशाला आणतोय?” वर्गाची फी त्या एका वाक्यात वसूल झाली.

५५ किलोचं : तो संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालातला अंदाज आहे. त्यात साली, बिया, हाडं, आंब्याच्या कोयीही धरलेल्या आहेत, म्हणजे सगळंच खाण्याजोगं नव्हे. जगाचा विचार केला तर २०२२ साली वाया गेलेल्या १०५ कोटी टन अन्नातलं सुमारे ६० टक्के घराघरांतलं होतं, हॉटेलांतलं किंवा दुकानांतलं नव्हे, असं तोच अहवाल सांगतो. लावायचा तर हा आकडा लावा. पण त्याच्या शेजारी तुमच्या स्वतःच्या वह्यांची बेरीज लावा. लोक तीच वाचतील.

प्रश्न : पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. खोलीत एक इंडक्शन, एक कुकर, फ्रिज नाही. मेस परवडत नाही. भाजी आणली की निम्मी सडते. जवळ असा वर्ग नाही. काय करू? (पुणे)

तुझ्यासारखे चौघं शोध, तोच वर्ग. एकट्यासाठी पावशेर भेंडी, एक गाजर, अर्धा फ्लॉवर असं कुणी धड देत नाही आणि दिलं तर महाग देतं. चौघांत घेतलं की भाजी दोन दिवसांत संपते.

फ्रिज नाही तर खरेदीचा क्रम पाळ. पालेभाजी आणली त्याच रात्री. भेंडी, गवार, वांगी दुसऱ्या दिवशी. दुधी, कोबी, लाल भोपळा त्यानंतर. कांदे-बटाटे आणि कडधान्य आठवड्याच्या शेवटी, हाताशी पैसे उरलेले नसतात तेव्हा. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नकोस, बटाट्यांना लवकर मोड येतात. कोथिंबीर ग्लासभर पाण्यात देठं बुडवून ठेव, दोन-तीन दिवस टिकते. आणि भाजीवाला फुकट देतो तेव्हा ‘दोन काड्या पुरेत’ म्हणायला शीक.

कुकरमध्ये डबे लावायची सवय कर: खाली डाळ, वर तांदूळ, वरच्या झाकणीत एखादा बटाटा. डाळ अर्धा तास भिजवलीस तर वीज वाचते. टोमॅटो, चिंच, आमसूल डाळ शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की डाळ बोटचेपी होत नाही आणि तू शिट्ट्या वाढवत बसतोस. रात्री मूठभर मटकी भिजत घाल, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांध, दुसऱ्या दिवशी मोड. आदपाव मटकी भिजून, मोड येऊन चांगली भांडंभर होते, चौघांची उसळ.

अभ्यासाला शुभेच्छा. भात जळू देऊ नकोस.

प्रश्न : वर्गात जायला लागल्यापासून मी रात्रीचं अन्न सकाळी वापरते. सासूबाईंना शिळं चालत नाही. “आमच्या घरात शिळं वाढत नाहीत” म्हणतात. रोज वाद होतो. कोण बरोबर? (कोल्हापूर)

दोघी. आणि ही उडवाउडवी नव्हे.

फ्रिज नव्हते तेव्हा शिळं न खाण्याचा नियम हा अक्कलहुशारीचा नियम होता. सासूबाईंच्या आजेसासूबाईंनी तो जंतूंचं नाव ठाऊक नसताना पाळला, आणि माणसं जगवली. पण त्याच घरात रात्रीची भाकरी सकाळी दुधात कुस्करून खात होतेच की. ताकात कालवलेला भात खात होते. बघा, सासूबाईंनाच विचारा, लहानपणी न्याहारीला काय होतं? जुन्या बायका ‘शिळं’ हा शब्द सगळ्याला सारखा लावत नव्हत्या. कोरडं आणि आंबवलेलं चालायचं, ओलं आणि गोडं चालायचं नाही. हाच फरक आजही धरायचा.

भाकरी, पोळी कोरडी असते. झाकून ठेवली, तर एक रात्र तिला काही होत नाही. खरा धोका भाताचा, आणि आपण बिनधास्त असतो तो नेमका भाताच्याच बाबतीत. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास ओट्यावर कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात. ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. “उकळी काढली की सगळं मरतं” हे भाताला लागू नाही. उलट्या होतात आणि आपण दोष देतो बाहेरच्या पाणीपुरीला.

म्हणून उरणार हे दिसलं की भात परातीत पसरा, वाफ जाऊ द्या, आणि दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रिजमध्ये ठेवा. खोल पातेल्यात गरम भात झाकून ठेवला तर तो मधोमध मध्यरात्रीपर्यंत कोमट राहतो. दुसऱ्या दिवशी एकदाच, चांगली वाफ येईपर्यंत गरम करा आणि संपवा. परत फ्रिजमध्ये नाही. ओलं खोबरं घातलेली आमटी, दुधाची खीर, मासे यांच्याबद्दल सासूबाईंचंच ऐका.

आमच्या वर्गात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरातल्या बायका आहेत, सोलापूरच्या पूर्व भागात ही मोठी वस्ती. त्यांच्याकडून मी पुलिहोरा शिकले. चिंचेचा घट्ट कोळ, शेंगदाणे, कढीपत्ता, लाल मिरची यांची खमंग फोडणी, आणि त्यात मोकळा भात. सासूबाईंपुढे फोडणीचा भात ठेवण्याऐवजी एकदा हा ठेवून बघा. शिळा आहे हे मात्र लपवू नका. फसवून खाऊ घातलेलं कळलं की पुढची दहा वर्षं ताज्या भातावरही संशय.

आणि घरात फ्रिज नसेल तर रात्री भात मोजूनच लावा. कमी पडला तर भाकरी आहे.

प्रश्न : साली, देठ, पाला, सगळंच वापरा असं हल्ली सांगतात. फवारणीचं काय? आणि खरंच सगळं खायचं का? मासळीचंही सांगा. (पणजी)

सगळं नाही. ‘शून्य कचरा’ म्हणणाऱ्यांनी एवढं एक सांगायला हवं, आणि तेच राहून जातं.

आधी जे छान लागतं ते: दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी, दुधीच्या आणि लाल भोपळ्याच्या सालीची चटणी, फ्लॉवरची कोवळी पानं आणि दांड्या बटाट्याबरोबर, मुळ्याचा पाला मुगाच्या डाळीत, नवलकोलचा पाला, कोथिंबिरीची देठं वाटणात, कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपिठात, फणसाच्या आठळ्या उकडून. पनीर केलं तर खालच्या पाण्यात कणीक भिजवा. पुरणाच्या कटाची आमटी तर आपण कचरा वाचवायचा म्हणून करतच नाही. कट पुरेना झाला तर थोडं पुरण मुद्दाम त्यात घालतो, इतकी ती आवडते.

फवारणीबद्दल: वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुतलं की वरवरचं बरंचसं जातं, आत मुरलेलं जात नाही. त्यामुळे सालींचा हट्ट रोज धरू नका, आणि भाजी ओळखीच्या शेतकऱ्याकडची असेल तेव्हा जास्त धरा.

आता टाकायचं काय ते. दुधी, दोडका, काकडी, पडवळ चिरताना कच्चा तुकडा जिभेला लावा. कडू लागला की अख्खं फळ टाका. त्यातला कडू घटक शिजवून जात नाही. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावलेली आहेत. “थोडा गूळ घालू” हा विचारसुद्धा करू नका. कारल्याची गोष्ट वेगळी, त्याचा कडूपणा निराळा. हिरवा पडलेला बटाटा: हिरवा भाग आणि मोड खोलवर कापून टाका, सगळाच हिरवट असेल तर सगळाच टाका. बुरशी धरलेले, खवट, काळपट शेंगदाणे: भाजून बुरशीचं विष जात नाही. हे आम्हा सोलापूरकरांना जड जातं, कारण शेंगाचटणीत सगळं खपतं असा समज. अळूची पानं चिंच घालून नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो, हे तुम्हाला सांगायला नको.

मासळीचं मी ज्वारीच्या मुलखातल्या बाईने गोव्याला काय सांगावं! मोठ्या मासळीच्या डोक्यांची आमटी तुम्हीच करता. एवढंच सांगते की कोळंबीची डोकी-सालं टाकण्याआधी पाण्यात उकळून, गाळून ते पाणी भाताला वापरा. आणि बांगडा उन्हात तसाच राहिला असेल तर तो वाचवू नका. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात जे तयार होतं तेही शिजवून जात नाही.

प्रश्न : मी एका संस्थेची कार्यकर्ती. बचत गटाच्या बायकांसाठी गावात असा वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी ३०, तिसऱ्या दिवशी ५. “आम्हाला काय स्वयंपाक शिकवता?” असं एकीने तोंडावर म्हटलं. कुठे चुकलं? (बीड जिल्हा)

ताई, तिने बरोबर विचारलं. मलाही विचारलं होतं, जरा निराळ्या शब्दांत.

वर्ग सुरू केला त्या वर्षी मी हुरळून मंगळवेढ्याकडच्या एका वस्तीवर गेले होते. दोडक्याच्या शिरांची चटणी करून दाखवली, वर भाषण: शिरा टाकू नका, त्यात चोथा असतो, पोटाला बरा. एक म्हातारी शांतपणे ऐकून म्हणाली, “बाई, शिरा आम्ही टाकतच नाही. शेळी खाती. शेळीचं दूध नात पिती. तू चटणी केलीस तर शेळीला काय घालू?” मी चटणीची वाटी उचलली आणि परत आले. ज्या घरात शेळी, कोंबड्या आणि उकिरडा आहे तिथं वाया जाणं म्हणजे काय, याचा हिशेबच निराळा. ओला कचरा ही फ्लॅटमधली अडचण आहे.

मग त्यांची अडचण कुठली? ते आधी विचारा. १९७५ साली मुंबईत प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते गिरणी कामगारांना घरी जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांचं. त्या बायकांना रांधायला शिकवायची गरज नव्हती, त्यांनी गिरणगाव पोसलं होतं. त्यांना अडत होतं भांडवल, सावकाराच्या व्याजापायी. मंडळाने त्यांना बँकेपर्यंत नेलं. तुमच्या गटात काय अडतंय? कदाचित सरपण किंवा गॅस. कदाचित रेशनचा गहू-तांदूळ भरपूर आणि डाळ परवडत नाही, हे. मग वर्ग डाळीवर घ्या: शंभर ग्रॅम डाळीत सहाजणांचं कालवण दाट कसं होईल, हुलग्याचं माडगं, अंबाडीच्या भाजीत मूठभर डाळ-कण्या, आमटीत शेंगदाण्याचं कूट. ज्वारी आणि डाळ एकमेकींचं उणं भरून काढतात, ज्वारीच्या प्रथिनांत जे कमी ते डाळीत असतं. हे त्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करतात. फक्त ‘गरिबाचं जेवण’ म्हणून लाजतात आणि पोराला बिस्किटाचा पुडा आणतात. बोलायचं तर त्यावर बोला.

वेळ काय ठेवली होती? पत्रात ‘दुपारी १२’ आहे. दुपारी १२ ला ज्या बायका मोकळ्या असतात त्यांना स्वस्त जेवणाच्या वर्गाची फारशी गरज नसते. ज्यांना असते त्या खुरपायला गेलेल्या असतात. आमच्याकडे विडी कामगार बायका येतात. त्यांचा माल कारखान्यात जमा झाल्यावर, संध्याकाळी. आणि जेवण वर्गातच होतं, पोरांसकट, म्हणजे घरी जाऊन पुन्हा चूल पेटवायची नाही. वर्ग टिकला तो या एका कारणाने, माझ्या शिकवण्याने नव्हे.

पुढच्या वेळी तुम्ही शिकवू नका. त्या म्हणाल्या ना “आम्हाला काय शिकवता?” त्या बाईंनाच पहिला वर्ग घ्यायला लावा, त्याचं मानधन द्या, आणि तुम्ही कांदा चिरायला बसा.

प्रश्न : आमच्या मराठी मंडळात महिन्यातून एकदा असा वर्ग भरतो. पाकिटांवरच्या तारखांवरून सगळे भांडतात. तारीख उलटली की टाकायचं का? (स्लाउ, इंग्लंड)

दोन तारखा वेगळ्या. ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची: मांस, मासे. ती उलटली की वास चांगला असला तरी खायचं नाही. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची, खुसखुशीतपणाची. ती उलटलेली डाळ, पोहे, रवा नाकाने-डोळ्यांनी बघा, चाळा, किडे नसतील तर शिजवा. तुमच्याकडच्या काही मोठ्या दुकानांनी २०२२ मध्ये बऱ्याच ताज्या फळा-भाज्यांवरची ही दुसरी तारीख काढूनच टाकली, लोक चांगले बटाटे फेकत होते म्हणून. मंडळाच्या वर्गात एक रिकामं पाकीट या प्रकारचं, एक त्या प्रकारचं भिंतीला चिकटवा. भांडण मिटेल. हळदीकुंकवाला किती समोसे मागवायचे, यावरचं मात्र मिटणार नाही.

प्रश्न : तुम्ही लेखात उल्लेख केलेली कडक भाकरी घरी जमेल का? उरलेल्या भाकरीची करता येते का? (ठाणे)

उरलेल्या भाकरीची नव्हे. ती मुद्दाम टिकण्यासाठीच करतात, म्हणूनच आमच्या वर्गात तिला मान. ज्वारीचं ताजं दळलेलं पीठ, मीठ, कढत पाणी. चांगलं मळून भाकरी थापा, पण नेहमीपेक्षा खूप पातळ. थापायला जमत नसेल तर पीठ लावून लाटा, इथं कुणी नावं ठेवणार नाही. हवे तर वरून तीळ. तव्यावर पाणी फिरवून दोन्ही बाजू शेका, पण फुगू देऊ नका. मग आच अगदी मंद करा आणि फडक्याच्या बोळ्याने दाबत राहा, पापडासारखी वाजेपर्यंत. पहिल्या चार मऊच राहतील. त्या त्याच दिवशी खाऊन टाका.

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. आत ओल राहिली नाही तर कित्येक दिवस टिकते. दह्यात शेंगाचटणी कालवून तिच्याबरोबर, नाहीतर कढत आमटीत चुरून. पावसाळ्यात मात्र करू नका. डब्याचं झाकण दोनदा उघडलं की लोळागोळा होतो.